साठपैकी चाळीस आले, म्हणजे मला फोनचं व्यसन लागलंय का?

पत्र थोडक्यात: एसवाय बीएस्सीला असलेली एक मुलगी लिहिते. घर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग, ती स्वतः नाशिकला गंगापूर रोडला चार मुलींमध्ये कॉट बेसिसवर राहते. मागच्या महिन्यात कॉलेजात मोबाइल वापराबद्दल सर्वेक्षण झालं, दहा प्रश्नांचा कागद होता, तिला ६० पैकी ४० आले. कागदाच्या तळाला छापलं होतं की मुलींमध्ये ३३ च्या वर म्हणजे 'व्यसनाधीन'. कागद बॅगेत राहिला आणि सुट्टीत आईच्या हातात पडला. तिचे काका दारूपायी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आलेत, त्यामुळे तो शब्द वाचून घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. बाबा म्हणतात स्मार्टफोन इथेच ठेव, बटणांचा फोन घेऊन जा. भाऊ म्हणतो काही नाही गं, सगळेच बघतात. ती विचारते, "ताई, मी खरंच व्यसनी आहे का? रात्री दोन अडीचपर्यंत रील्स बघते हे खरंय, रोज ठरवते आज नाही, तरी बघते. फोन देऊन टाकू का? दिला तर कॉलेजचं सगळं अडेल, नाही दिला तर बाबांना वाटेल मी पण काकांच्याच वाटेने चालले." कागदाचा फोटो तिने सोबत पाठवलाय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि पुढे जे लिहिलंय ते छापायला तिची परवानगी घेतलीय.)

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि फोटो मोठा करून कागदपण नीट बघितला. आधी त्या कागदाबद्दलच बोलते, कारण मला वाटतं तुमच्या घरात ते दोन दिवस जे झालं ते तुझ्या फोनमुळे जेवढं झालं त्याहून जास्त कागदाच्या तळाशी छापलेल्या त्या एका शब्दामुळे झालं.

हा प्रश्नसंच २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी तयार केला. स्मार्टफोन ॲडिक्शन स्केल असं त्याचं नाव, मूळचं मोठं स्केल ३३ प्रश्नांचं आणि तुम्हाला दिलेलं हे १० प्रश्नांचं छोटं रूप. प्रत्येक प्रश्नाला 'अजिबात पटत नाही' चा १ मार्क ते 'पूर्ण पटतं' चे ६, म्हणजे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ६०. मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही रेषा त्यांनी तिथल्या शाळकरी मुलामुलींच्या उत्तरांवरून आखली. स्केल चांगलं आहे, कितीतरी देशांत वापरलं जातं, मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण ते चाळणीसारखं आहे, खूप मुलांमधून कोणाशी जरा निवांत बसून बोलायला हवं ते शोधायला. त्या बोलण्याच्या आधीच निकाल लावला तर घोटाळा होतो आणि तुझ्या बाबतीत तोच झालाय.

तू सायन्सची आहेस तर एक गणित करून बघ. समजा एखाद्या मुलीने दहापैकी सहा प्रश्नांना 'थोडंसं पटत नाही' म्हटलं, त्याचे ३-३, आणि चार प्रश्नांना 'थोडंसं पटतं', त्याचे ४-४. अठरा आणि सोळा, चौतीस झाले. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रश्नांना नाही म्हणणारी, आणि कशालाच ठाम हो न म्हणणारी मुलगीसुद्धा त्या रेषेच्या वर जाते. आता अशा मुलीच्या घरी 'व्यसनाधीन' लिहिलेला कागद गेला तर?

आता तुझा कागद. तुला सगळ्यात जास्त, सहापैकी सहा, कुठल्या प्रश्नाला आलेत बघितलंस का? 'आजूबाजूचे लोक मला सांगतात की मी फोन जास्त वापरते' या प्रश्नाला. पत्रात तूच लिहिलंयस की आई रोज संध्याकाळी फोन केला की पहिलं हेच विचारते. मग हे सहा मार्क तुझ्या फोनचे की आईच्या काळजीचे? दुसऱ्या एखाद्या मुलीची आई काहीच म्हणत नसेल, तर ती तुझ्याइतकाच फोन बघूनही इथे १ मार्क घेऊन जाईल. मग मनगट नाहीतर मान दुखते का, त्याला तू ५ दिलेस. तुम्ही चौघी कॉटवर बसून मांडीवर वही घेऊन अभ्यास करता, टेबल एकच आहे असंही लिहिलंयस. मान दुखायला तेवढंपण पुरतं. या दोनच प्रश्नांचे ४० मधले ११ मार्क आहेत.

पण म्हणून कागद फाडून टाक असं मी म्हणणार नाही, आणि भाऊ म्हणतो तसं 'काही नाही' पण म्हणणार नाही. 'ठरवलं त्यापेक्षा जास्त वेळ फोन बघते' याला तू ५ दिलेस, वर्गात अभ्यासात लक्ष लागत नाही यालापण ५, ठरवलेली कामं राहून जातात याला ४. हे तिन्ही तुझ्या पत्राशी जुळतंय आणि हे तू मनापासून लिहिलंयस हे कळतं. आणि एक प्रश्न असाय ज्याला तू फक्त २ दिलेस, 'रोजच्या जगण्यावर परिणाम झाला तरी मी फोन कधीच सोडणार नाही'. म्हणजे सोडायची, कमी करायची तुझी तयारी आहे. बेरीज करताना हे दोन मार्क चाळिसात मिसळून गेले आणि कोणालाच दिसले नाहीत, पण मी तुझ्याशी समोर बसून बोलले असते ना, तर सुरुवात इथूनच केली असती.

आता 'व्यसन' या शब्दाचं. आपल्याकडे व्यसन म्हटलं की दारू, मटका, तंबाखू, आणि त्याबरोबर येणारं सगळं, विकलेली जमीन, रात्रीची भांडणं. इंग्रजीतल्या ॲडिक्शनला कोणीतरी कागदावर 'व्यसन' लिहिलं आणि तुमच्या घरात तो शब्द काकांच्या मागच्या दहा वर्षांना जाऊन चिकटला. डॉक्टर मंडळी याबाबतीत पुष्कळ सावध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात गेमिंगचा विकार आहे. त्यातपण खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळच पुढे येतो आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहतं, हे सगळं हवं आणि साधारण १२ महिने हवं, तेव्हा तो आजार म्हणायचा. अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या २०१३ च्या पुस्तकात इंटरनेट गेमिंग 'अजून अभ्यास हवा' या भागात ठेवलंय. स्मार्टफोनचं व्यसन असा वेगळा आजार या दोन्हीकडे नाहीये. म्हणून 'मी व्यसनी आहे का' या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तो कागद हे ठरवू शकत नाही, आणि पत्र वाचून मीही ठरवणार नाही. पण तुला त्रास होतोय हे नक्की, आणि त्रासावर काही करायला नावाची वाट बघावी लागत नाही.

हे मोजायचं सुरू कसं झालं तेपण सांगते, म्हणजे हे प्रश्न असे का आहेत ते कळेल. किम्बर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदा आठ प्रश्नांची यादी मांडली, जुगाराच्या नादाची लक्षणं घेऊन जुगाराच्या जागी इंटरनेट. मग १९९८ मध्ये त्यांचीच २० प्रश्नांची चाचणी आली जी आजही कॉलेजांमध्ये सर्रास वापरतात. तिच्यात एक प्रश्न आहे की दुसरं काम करायच्या आधी तुम्ही ईमेल बघता का. त्या काळात कॉम्प्युटर टेलिफोनच्या वायरला जोडून इंटरनेट लावावं लागायचं, आपल्याकडे तर सामान्य लोकांना ते मिळायला १९९५ च्या ऑगस्टमध्ये कुठे सुरुवात झाली, तेव्हा 'ऑनलाइन जाणं' ही वेगळी उठून करायची गोष्ट होती. आज? तुझ्या कागदावरचा 'फोन नसेल तर सहन होणार नाही' हा प्रश्नच बघ, तू ४ दिलेस. पण तुझं रूमचं भाडं, मेसचे पैसे यूपीआयने, प्रॅक्टिकलच्या बॅचेस ग्रुपवर, नोट्स पीडीएफमध्ये, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, सिटीलिंकच्या बसची वेळ फोनवर. २०१३ मध्ये यूपीआय नव्हतंच, ते २०१६ ला आलं. फोन नसला तर तुला खरोखरच अडचण होईल, आणि ती अडचण या प्रश्नात ओढीसारखी मोजली जाते.

अजून एक. आपण किती फोन वापरतो हे आपल्याला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी २३ जणांच्या फोनमध्ये नोंद ठेवणारं ॲप टाकलं, तर सरासरी दिवसाला पाच तास आणि ८५ वेळा फोन हातात घेतला जात होता, अर्ध्याहून जास्त वेळा तर ३० सेकंदांच्याही आत ठेवून दिला. आणि किती वेळा उचलतो याचा त्यांचा अंदाज खऱ्याच्या निम्माच होता. २०२१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांना एकत्र करून बघितलं तेव्हा माणसांनी सांगितलेला वापर आणि फोनमधली नोंद यांचा मेळ मध्यमच निघाला, आणि या व्यसनाच्या स्केलचे मार्क आणि खरा वापर यांचा मेळ तर त्याहून कमी. मला यातून एवढं समजतं की या कागदात बऱ्याच अंशी 'माझ्या फोनबद्दल मला किती काळजी वाटते' हे मोजलं जातं. ती काळजी खोटी नसते. पण काळजी जास्त म्हणजे वापर जास्त असं धरून चालता येत नाही, आणि जी मुलं आनंदाने सात सात तास बघतात आणि ज्यांना त्याचं काहीच वाटत नाही ती या चाळणीतून खाली पडून जातात.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुझ्या एवढ्या लांब पत्रात एकच वाक्य तू कंसात लिहिलंस: "(सेम वनचा मॅथ्सचा पेपर बॅक राहिलाय, घरी माहीत नाही)". आणि दोन परिच्छेद सोडून लिहिलंस की रात्रीचं हे 'निकालानंतर वाढलं'. तू ही दोन वाक्यं जोडली नाहीयेस. मी जोडून बघतेय, चुकत असेन तर सांग.

रात्री साडेअकराला बाकीच्या तिघी झोपतात, लाइट बंद होतो, आणि मग तू, तो राहिलेला पेपर आणि घरी सांगितलेलं 'सगळं पास' हे एवढंच उरतं. अशा वेळी हातात फोन असतो आणि त्यात एकानंतर एक संपतच नाही असं काहीतरी असतं. रील बघताना तो पेपर आठवत नाही. फोन ठेवला की आठवतो. मग परत उचलायचा. अडीचला डोळे मिटायला लागतात तेव्हाच झोप लागते, सकाळी आठच्या लेक्चरला डोकं जड, लक्ष नाही, मॅथ्स अजूनच मागे, रात्री परत तेच. यात फोन गुन्हेगार आहे का औषध? मला वाटतं थोडं दोन्ही. एकटेपणा, उदासी, चिंता जास्त असलेल्या मुलांमध्ये असे मार्क जास्त येतात हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय, पण त्यातले बहुतेक तुझ्या कॉलेजसारखेच, एकदाच कागद भरून घेतलेले. त्यातून आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे कळत नाही. तुझ्या बाबतीत मात्र तू तारखा दिल्यास म्हणून थोडं दिसतंय. निकाल आधी, रात्रीचं जागरण नंतर.

म्हणून बाबांच्या तोडग्याबद्दल माझं मत असं. बटणांचा फोन वाईट कल्पना नाही, आणि ती रागातून आलेली नाहीये, आपल्या भावाला हातातून जाताना बघितलेल्या माणसाची ती भीती आहे. पण फोन घरी राहिला तरी मॅथ्सचा पेपर तुझ्याबरोबर नाशिकला येणारच. आणि मी गेली बरीच वर्षं मुलींशी बोलतेय, फोन काढून घेतला की काय होतं ते बघितलंय, दोन आठवडे शांत जातात आणि मग मैत्रिणीचा फोन, मग एखादा जुना हँडसेट कपड्यांखाली लपवलेला, आणि आता घरी लपवायची एक गोष्ट होती तिथे दोन होतात. दुसरा रस्ता भावाचा, काहीच न करणं. तोपण नको, कारण झोप जातेय आणि ती रोज जातेय. तिसरा रस्ता म्हणजे ॲप उडवून टाकणं किंवा टायमर लावणं. करून बघायला हरकत नाही, पण टायमर संपल्यावर 'अजून १५ मिनिटं' चं बटण आपणच दाबतो, हे तुला माहितीये.

मी तुला जे सुचवतेय ते जरा वेगळं आणि जरा हळू आहे.

पहिले दोन आठवडे काहीही बंद करू नकोस, फक्त लिही. एक शंभर पानी वही घे. रात्री फोन हातात घेतलास की वेळ लिहायची, आणि उचलायच्या आधी मनात काय चालू होतं ते एका ओळीत. बोअर झाले, आईचा फोन झाला, उद्या मॅथ्सचं लेक्चर आहे, रूममेटशी वाजलं, काहीही. खोटं लिहू नकोस, कोणी बघणार नाहीये. फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं त्यातले आकडेपण रोज वहीत उतरव, पण एकूण तासांना फार महत्त्व देऊ नकोस, कारण त्यात तुझं पीडीएफ वाचणंही आलं आणि आईशी व्हिडिओ कॉलही आला. बघायचं ते असं की अकरानंतर कुठलं ॲप किती वेळ, आणि दिवसात अनलॉक किती वेळा. कागदावर तू अंदाजाने उत्तरं दिलीस, इथे तुझ्याकडे नोंद असेल आणि नोंदीबरोबर कारणपण असेल. हे वाचणाऱ्या बाकीच्या मुलामुलींनाही माझं हेच सांगणं आहे, नेटवर दहा चाचण्या देऊन मार्क काढत बसण्यापेक्षा चौदा दिवसांची अशी वही कितीतरी जास्त सांगून जाते.

तिसऱ्या आठवड्यापासून एकच बदल, फोन कॉटवर नाही. मला माहितीये तुमच्या रूमवर प्लग पॉइंट कॉटच्या उशाशीच असणार, सगळ्या रूमवर तसंच असतं. एक एक्स्टेंशन बोर्ड आणून दाराजवळ ठेवा आणि चौघींनी मिळून ठरवा की साडेअकरानंतर चौघींचे फोन तिकडे. एकटीने करणं अवघड जातं, चौघींनी केलं तर सोपं जातं, आणि मला खात्री आहे की त्या तिघींमधली निदान एक तरी हेच भोगतेय आणि बोलत नाहीये. अलार्मसाठी फोन लागतो म्हणशील, तर मेन रोडला साधं गजराचं घड्याळ मिळतं, ते आण. पहिल्या चार पाच रात्री झोप येणार नाही, अस्वस्थ वाटेल, हात चाचपडेल. तेव्हा घाबरून 'बघा, मी व्यसनीच आहे' असं ठरवू नकोस, रोजची सवय मोडताना तसं होतंच. उठून बस, पाणी पी, हवं तर त्याच वहीत लिही. तो राहिलेला पेपर डोक्यात येईल तर येऊ दे.

आणि त्या पेपरचं दिवसा काहीतरी कर. विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेट, बॅक राहिलेली तू एकटी नाहीयेस. रोज पाऊण तास, रूमवर नको, टेबल एकच आहे, कॉलेजच्या लायब्ररीत नाहीतर एखाद्या अभ्यासिकेत बस. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आपल्या गावात, कितीतरी पिढ्या पुस्तकासाठी तिथे जात आल्यात. तिथे जाताना फोन बॅगेत सायलेंट. पाऊण तासाच्या वर ठरवू नकोस, तीन तास ठरवलेले मोडतात आणि मग वाईट वाटून परत रील.

आता बाबा. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे एकच युक्ती आहे आणि ती तुमच्याच बागेतली आहे. काढणीच्या आधी बाबा गोडी बघतात ना, मण्याचा रस मीटरवर टाकून? एका घडाच्या एका मण्यावरून ते बागेचा सौदा करतात का? उन्हाकडचा घड वेगळा, सावलीतला वेगळा, ओळीच्या टोकाचा वेगळा, चार ठिकाणचं बघतात, दोन चार दिवसांनी परत बघतात. आणि ते मीटर गोडी सांगतं, भुरी आली का डावणी आली, म्हणजे वेलीवर कुठला रोग पडला, ते नाही सांगत, त्यासाठी पानं उलटून बघावी लागतात. त्यांना सांग की बाबा, हा कागद त्या मीटरसारखा आहे, एका दिवशी एकदा बघितलेला, मला दोन आठवडे नीट बघू द्या, मी वही तुम्हाला दाखवते. (दाखवायची पानं तूच निवड, सगळी वही दाखवायची गरज नाही.) माझा अंदाज आहे की त्यांना हे पटेल, कारण हे त्यांचं रोजचं काम आहे.

पण हे सांगायच्या आधी बॅकचं सांग. मला माहितीये हे सगळ्यात अवघड आहे. आधी फोनचं बोललीस आणि दोन महिन्यांनी बॅकचं कळलं तर ते दोन्ही जोडतील, 'फोनमुळेच नापास झाली', आणि मग कुठलंच मीटर कामाला येणार नाही. आधी सांगितलंस तर रागावतील, कदाचित खूप रागावतील, पण पोरगी स्वतःहून सांगतेय हेही त्यांना दिसेल. काका कधी स्वतःहून काही सांगायचे का? तुझ्या पत्रावरून वाटतं की नाही, सगळं बाहेरूनच कळायचं. त्यांच्यात आणि तुझ्यात फरक आहे हे बाबांना दाखवायला याहून सरळ रस्ता मला दिसत नाही.

आईबाबा हे वाचत असतील तर त्यांना दोनच वाक्यं. मुलांना रोज फोनवर 'फोन किती बघतेस' विचारण्याऐवजी 'काल झोप लागली का' विचारा, उत्तर खरं मिळायची शक्यता जास्त. आणि घरात कोणाचं तरी व्यसन बघितलेलं असेल तर तुमची भीती खरी आहे, ती मुलांपासून लपवू नका, पण ती त्यांच्या नावाला जोडू नका.

कॉलेजात अशी सर्वेक्षणं घेणाऱ्या शिक्षकांना आणि प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनापण कळकळीने सांगायचंय, कारण नाशिकमध्ये कॉलेजं खूप, मुलं आजूबाजूच्या तालुक्यांतून येतात, आणि एका कागदाने घरी काय होऊ शकतं ते हे पत्र वाचून कळेल. आधी मुलांना सांगून त्यांची संमती घ्या. कागदावर नाव घेऊ नका, घेतलंच तर मार्क त्या मुलाशिवाय कोणाला दाखवू नका. 'व्यसनाधीन' हा शब्द छापू नका, 'यावर कोणाशी तरी बोलायला हवं' एवढं पुरतं, आणि ते कोणाशी बोलायचं त्याचं नाव आणि वेळ खाली लिहा. कोरियन शाळकरी मुलांवरून काढलेली रेषा आपल्या वीस वर्षांच्या मुलांना जशीच्या तशी लावताना, मराठीत भाषांतर करताना, दहा वेळा विचार करा. आणि अहवालात 'इतके टक्के विद्यार्थी व्यसनी' असं लिहायच्या आधी हे ध्यानात घ्या की स्केल बदललं, रेषा थोडी सरकवली की टक्केवारी कुठच्या कुठे जाते, मुलं तीच असतात.

आता तुला, आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांना, वहीवर न थांबता सरळ मदत कधी घ्यायची ते. बरेच आठवडे झोप पार विस्कटली असेल, लेक्चर परीक्षा बुडायला लागली असेल, जेवण सुटलं असेल, फोनवर गेमचे नाहीतर पैसे लावायचे नाद असतील आणि त्यासाठी उसने घेतले जात असतील, किंवा फोन ठेवल्यावर जे आठवतं त्याने जगावंसंच वाटत नसेल, तर थांबू नका. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेटा, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. टेली मानस म्हणून सरकारची सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि बटणांच्या फोनवरूनही लागतो. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, तर २०१४ पासून फोन, इंटरनेट, गेमिंगच्या त्रासासाठी वेगळं क्लिनिकच आहे, म्हणजे या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणं यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्या पत्रात मला यातलं झोपेचंच दिसतंय, पण लिहिताना काही राहून गेलं असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता तो नंबर लाव.

या रविवारी घरी जाणार आहेस असं लिहिलंयस. संध्याकाळी बाबा बागेतून आले, हातपाय धुऊन चहा घेऊन बसले की तेव्हा बोल, आईला आधी थोडं सांगून ठेव. वही त्याच्या आधी सुरू कर, आज रात्रीपासूनच, म्हणजे रविवारपर्यंत चार पानं तरी भरलेली असतील. दोन आठवड्यांनी मला परत लिही, झोप किती वाजता लागते ते कळव, आणि मॅथ्सचे कुठले चॅप्टर राहिलेत तेपण.